साठीनंतर जलरंग: चित्र मातकट का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ६२, बँकेतून निवृत्ती, राहायला पुण्यात कोथरूड. शाळेत एलिमेंटरी दिलेली, बी ग्रेड, आणि त्यानंतर ब्रश हातात आला तो थेट आता. २४ ट्यूबांचा जलरंगाचा सेट घेतलाय, व्हिडिओ बघून चार महिने रोज काही ना काही रंगवताय. "प्रत्येक चित्र पहिली दहा मिनिटं बरं असतं आणि तासाभरात मातकट होतं." उजव्या हाताला किंचित कंप आहे. वय आड येतंय का, अ‍ॅक्रेलिककडे वळावं का आणि क्लास लावावा का, असं विचारलंय.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे, पहिली दहा मिनिटं बरं असतं. म्हणजे विषय निवडणं, रेखाटन, पहिला वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर), इथपर्यंत गाडी ठीक चालते. पुढच्या पन्नास मिनिटांत तुम्ही चित्र रंगवत नसता, दुरुस्त करत असता. उशिरा सुरुवात करणाऱ्यांत हे हमखास दिसतं, आणि वयाचा त्याच्याशी संबंध असेल तर तो इतकाच: तुमची नजर पिकलेली आहे आणि हात नवा आहे. चूक तत्काळ दिसते. त्यातून नोकरी अशी की फरक सापडल्याशिवाय संध्याकाळी उठायचं नाही. शाळकरी पोराला चूक दिसतच नाही, म्हणून त्याचं आकाश स्वच्छ राहतं. जलरंगात अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश गेला की खालचा थर उखडतो, वरच्यात मिसळतो, आणि तिसऱ्या फेरीला तुम्ही म्हणता तो मातकटपणा तयार होतो. त्यामुळे खरा प्रश्न कसं रंगवावं यापेक्षा कुठे थांबावं हा आहे, आणि थांबता येईल असं साहित्य हाताशी आहे का हा.

तुमची चित्रं मी पाहिलेली नाहीत, आणि कागद कोणता वापरता तेही तुम्ही लिहिलेलं नाही. निम्मं उत्तर त्या कागदात आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

शाळेच्या चित्रकला वहीतला किंवा साधा कार्ट्रिज कागद १२० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असतो. पाणी पडलं की तो फुगतो, खळगे पडतात, खळग्यात रंग साचतो, आणि दोनदा ब्रश फिरवला की तंतू वर येतात. त्यावर कोणीही कितीही चांगलं काम करू दे, तासाभरानं ते मळकटच दिसणार. लाकडाच्या लगद्याचा जाड कागद त्यापेक्षा बरा, पण त्यातही रंग बराचसा वरवर बसतो आणि दुसरा वॉश दिला की पहिला सुटून येतो. शंभर टक्के कॉटन, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा) असा कागद घ्या. तो पाणी आत धरून ठेवतो, जास्त वेळ ओला राहतो, आणि वाळलेल्या थरावर हलक्या हातानं दुसरा थर दिला तर खालचा जागा सोडत नाही. महाग वाटेल. म्हणून वही किंवा पॅड न घेता अप्पा बळवंत चौकातून २२ बाय ३० इंचांची पूर्ण शीट आणा आणि साडेपाच बाय साडेसात इंचांचे १६ तुकडे करा. मागची बाजूही वापरायची, म्हणजे ३२ चित्रं झाली. मोठ्या कागदावर भीती वाटते आणि भीती वाटली की माणूस बारीक ब्रश उचलतो.

हातकागदाचं आकर्षण आपल्या पुण्यात बऱ्याच जणांना असतं, शिवाजीनगरला हातकागद संस्थाच आहे. कागद देखणे असतात, पण प्रत्येक हातकागद जलरंगासाठी बनवलेला नसतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. मिनिटभरात थेंब आत जिरला आणि मागच्या बाजूला डाग उमटला, तर त्याला पुरेशी खळ नाही, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारा लेप कमी आहे. तो शाईला, पेन्सिलीला, चारकोलला वापरा.

आता रंग. २४ पैकी सहा बाहेर ठेवा: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन ब्लू आणि प्रशियन ब्लू. बाकीचे कपाटात. चायनीज व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक तर कपाटाच्या मागच्या बाजूला. एलिमेंटरीच्या वेळी आपण बहुतेकांनी पोस्टर कलर वापरले, त्यात पांढरा मिसळून छटा फिकी करायची सवय लागली. जलरंगात छटा फिकी होते पाण्यानं, आणि पांढरं म्हणजे कोरा ठेवलेला कागद. पांढरा रंग मिसळला की पारदर्शकता जाते आणि चित्रावर खडू फिरवल्यासारखी कळा येते. तुमच्या मातकटपणात याचा वाटा किती हे तुम्हीच तपासा, पांढऱ्याची ट्यूब किती रिकामी झालीय ते बघून.

काळ्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. अल्ट्रामरीन जास्त घेतलं तर पावसाळी ढगांचा थंड करडा मिळतो, सिएना जास्त घेतलं तर जुन्या वाड्याच्या लाकडाचा गरम तपकिरी. घट्ट कालवलं तर जवळजवळ काळा. झाडांसाठी सॅप ग्रीन थेट ट्यूबमधून लावू नका, प्लॅस्टिकच्या कुंडीतलं झाड वाटतं. लेमन यलो आणि प्रशियननं तजेलदार हिरवा होतो, तो श्रावणातल्या गवताला ठीक. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना गेली की वड-चिंचेचा हिरवा येतो. ऑकर आणि अल्ट्रामरीनचा मळका हिरवा एप्रिलमधल्या वेताळ टेकडीला चालतो. एका मिश्रणात दोन रंग, फार तर तीन. चौथा घातला की चिखल झालाच म्हणून समजा.

ब्रश तीन पुरेत: १२ नंबरचा गोल, ८ नंबरचा गोल आणि एक इंची चपटा, सगळे चांगल्या प्रतीचे सिंथेटिक. शून्यापासून चार नंबरपर्यंतचे सगळे दोन महिने नजरेआड ठेवा. दुरुस्तीची हत्यारं तीच आहेत.

पाणी हा खरा विषय आहे. अर्ध्या लिटरचे दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरा स्वच्छ पाणी घ्यायला. धुण्याच्या डब्याचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदला. डाव्या हातात जुन्या सुती धोतराचा किंवा पंचाचा तुकडा हवाच. ब्रश धुतला की त्याची पोटाकडची बाजू फडक्याला टेकवायची आणि मगच कागदाकडे जायचं. हे एक फडकं तुमचे निम्मे डाग वाचवेल. रंग किती दाट कालवायचा ते मी ताकावरून सांगते: आकाशाला पातळ ताक, झाडांच्या-भिंतींच्या मुख्य रंगाला घट्ट ताक, आणि शेवटच्या गडद जागांना श्रीखंड. साडेपाच बाय साडेसातच्या आकाशाला हरभऱ्याच्या दाण्याएवढा रंग आणि एक चमचा पाणी पुरतं. पण ते आधी कालवून ठेवायचं. अर्ध्या आकाशात रंग संपला आणि पुन्हा कालवायला गेलात तर परत येईपर्यंत कड वाळलेली असते. आणि वाळल्यावर वॉश चांगलाच फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्त गडद वाटला पाहिजे.

कागद वाळण्याच्या पायऱ्या ओळखायला शिका, सगळं कौशल्य तिथे आहे. खिडकीच्या उजेडात कागद तिरका करून बघा. आधी पाणी डबक्यासारखं उभं असतं. मग एकसारखी चमक येते. मग चमक मंद होते. मग चमक जाते, पण हाताची मागची बाजू जवळ नेली की गारवा लागतो. शेवटी कोरडा. एकसारखी चमक असताना दुसरा रंग सोडला तर तो हळुवार पसरतो, ढगांना आणि दूरच्या झाडांना हीच वेळ. मंद चमकेला फक्त आधीपेक्षा घट्ट रंग, तोही पुसलेल्या ब्रशनं. यावेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते रंगाचे कण बाजूला ढकलतं आणि दातेरी कडेचा डाग पडतो. तो डाग घासायला गेलात तर तो मोठा होतो. चमक गेली पण गारवा आहे, ही सगळ्यात धोक्याची वेळ. कागद कोरडा वाटतो, हात शिवशिवतो, आणि थर उखडतो. तुमची ती पन्नास मिनिटं बहुधा याच अवस्थेत जात असावीत. या वेळी उठून चहा टाका.

पुण्याची हवा इथे मधे येते. मार्च ते मे दुपारी हवा इतकी कोरडी असते की छोटा वॉश दोन-तीन मिनिटांत वाळतो. व्हिडिओतला माणूस दमट थंड देशात बसून सावकाश बोलत रंगवतो, आणि तुम्ही त्याच्या चालीनं जायला बघता. उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा आणि सुरुवातीला कागद दोन्ही बाजूंनी ओला करून बोर्डावर पसरा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं होतं, तोच वॉश पंधरा-वीस मिनिटं ओलाच. तेव्हा हेअर ड्रायर चालेल, पण एकसारखी चमक मंद झाल्यावर आणि वीतभर अंतरावरून. आधी मारलात तर हवा डबकं ढकलत नेते. पावसाळ्यात उरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह गुंडाळून ठेवा. दमट जागी कागदावरची खळ खराब होते आणि वॉश दिल्यावर टीपकागदासारखे गडद ठिपके उमटतात. माणसाला वाटतं आपलं चुकलं.

सरावाला एक माठ घ्या. चकाकणारं पितळी भांडं नको, मातीचा मळका माठ. डावीकडे खिडकी, खोलीतले दिवे बंद. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपनं बोर्डावर चिकटवा. ४० सेंटिमीटर उंचीच्या बोर्डाच्या वरच्या कडेखाली १० सेंटिमीटर जाडीची पुस्तकं सरकवली की साधारण १५ अंशांचा उतार मिळतो, रंग आपणहून खाली सरकतो. पेन्सिलीनं फक्त बाह्यरेषा आणि सावली जिथे सुरू होते ती कड. ऑकर आणि सिएना पातळ कालवून १२ नंबरनं वरून खाली एकदाच रंग ओढा, उजेडाचा ठिपका कोरा सोडून. खालच्या कडेला रंगाचा थेंब साचेल, तो पुसलेल्या ब्रशच्या टोकानं टिपा. चमक मंद व्हायला लागली की सिएना आणि अल्ट्रामरीन घट्ट कालवून उजव्या पोटाला एकाच वळणानं सोडा, अगदी कडेपर्यंत न नेता. कड जरा उजळ राहते, तो टेबलावरून परतलेला उजेड. पसरू दे. इथेच हात पुन्हा जायला बघेल, कारण सावलीची कड तुम्हाला हवी तशी गुळगुळीत नसेल. नाहीच होणार. ब्रश पाण्यात ठेवा. माठ पूर्ण वाळला, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला गारवा लागेनासा झाला, की पडलेली सावली अल्ट्रामरीन जास्त घेऊन पातळ रंगात, एका दमात. माठाच्या बुडाशी घट्ट रंगाची एक रेघ. टेप काढायची ती सगळं खडखडीत वाळल्यावर, कागदापासून बाहेरच्या दिशेला, सावकाश.

हाच माठ चार वेळा, चार तुकड्यांवर. पंचवीस मिनिटांचा गजर लावायचा, वाजला की थांबायचं. जे चुकलंय ते चित्रात सुधारायचं नाही. कागदाच्या मागे पेन्सिलीनं लिहायचं: तारीख, कागद, हवा, काय बिघडलं. "सावली फार लवकर सोडली", "माठाला रंग कमी कालवला". पुढच्या तुकड्यावर तेवढी एकच गोष्ट बदलायची. नोंदी ठेवायची सवय तुम्हाला आहेच, ती इथे लावा. रोज नवा व्हिडिओ आणि नवा विषय घेतला तर काय बदलल्यानं काय झालं हे कधीच कळत नाही.

एक तपासणी मात्र झाल्यावर जरूर करा. चित्राचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. सगळं एकाच करड्या छटेत दिसलं तर तुमचा मातकटपणा रंगाचा नसून छायाप्रकाशाचा आहे, म्हणजे गडद पुरेसं गडद नाही आणि कोरा कागद उरलेला नाही. नवशिक्यांच्या चित्रांत गडद रंग जवळजवळ नेहमी कमी पडतो. उपाय म्हणजे रंगवण्याआधी काडेपेटीएवढं पेन्सिलचित्र, ४बीनं, फक्त तीन छटा: कोरा, मधला, काळा. तीन मिनिटं लागतात. मी ते टाळणाऱ्याला रंग उघडू देत नाही.

कंपाबद्दल. तो नवा असेल, हात मांडीवर स्वस्थ असतानाही होत असेल किंवा वाढत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. चित्राचा विचार नंतर. किरकोळ आणि जुना असेल तर अडचण फक्त बारीक रेषेला येते, मोठ्या ब्रशच्या वॉशला येत नाही. हा एक मुद्दा जलरंगाच्या बाजूचाच आहे. करंगळी कागदाच्या कोरड्या भागावर टेकवा. वाड्याचे खांब, खिडक्या अशा सरळ रेषा असतील तर दोन पुस्तकांवर लाकडी फूटपट्टी पुलासारखी ठेवून त्यावर मनगट टेका. रेष स्वतःकडे ओढा, ढकलू नका, त्यासाठी बोर्ड फिरवावा लागला तरी चालेल. मनगट लटपटतं तेव्हा खांदा स्थिर असतो, म्हणून लांब रेष उभं राहून खांद्यातून मारा.

चष्म्याचं मात्र कोणी सांगत नाही. बायफोकलचा खालचा भाग वाचनासाठी असतो, साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरला. बोर्ड असतो ५५-६० सेंटिमीटरवर. मग माणूस हनुवटी वर करून किंवा वाकून रंगवतो आणि अर्ध्या तासात मान धरते. बसल्यावर डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि तेवढ्यासाठीच एकच नंबरचा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर निळे-जांभळे मंद आणि सगळंच पिवळसर दिसतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही तेच झालं होतं, १९२३ साली त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. एकेक डोळा झाकून पांढरा कागद बघा. दोन डोळ्यांत फरक वाटला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि तोवर रंग नजरेवर न मिसळता, आपल्या सहा रंगांचा मिश्रणतक्ता करून त्यावरून मिसळा. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली रंगवत असाल तर तेही थांबवा. दिवसाउजेडाच्या जवळचा, ५००० ते ६५०० केल्व्हिनचा एलईडी लावा.

वयाचा विषय निघाला की कोणी तरी रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण देतंच. खरं आहे, साठी ओलांडल्यावर ते चित्रांकडे वळले आणि १९३० साली पॅरिसला त्यांचं प्रदर्शन झालं. पण तुमच्या माठाला त्याचा फारसा उपयोग नाही.

बाहेर जाऊन रंगवायची घाई नको. पण दोन महिन्यांनी जायचंच असेल तर पाताळेश्वरच्या लेण्याला जा. नंदीचा गोल मंडप, जाडजूड चौकोनी खांब, मधला काळोख, बाहेर ऊन. छटा तीनच, तपशील जवळजवळ नाहीत. मंडईची इमारत आणि विश्रामबाग वाड्याचं कोरीव दर्शनी लाकूडकाम सध्या नको, तिथे हात आपोआप बारीक ब्रशकडे जातो. शनिवार-रविवारी बालगंधर्वच्या कलादालनात जलरंगांचं प्रदर्शन लागलं असेल तर बघा, आणि चित्राच्या अगदी जवळ, बाजूनं उभं राहून बघा. फोनच्या पडद्यावर न दिसणारी पेन्सिल, कोरा सोडलेला कागद, एकदाच मारलेले फटके तिथे दिसतात. पुष्कळ "चुका" तशाच सोडलेल्या दिसतील.

अ‍ॅक्रेलिककडे वळावं का? वाळल्यावर त्यावर कितीही वेळा रंगवता येतं, खालचा थर सुटत नाही, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला सोयीचं. उन्हाळ्यात पॅलेटवरच वाळतं, खाली ओला टिश्यू ठेवावा लागतो. तैलरंगाला टर्पेंटाइनचा वास आहे, फ्लॅट बंद असेल किंवा घरात दमा असेल तर नकोच. माझं मत असं की एक शीट, म्हणजे ३२ चित्रं, वर सांगितल्यासारखी करून बघा. त्यानंतरही जलरंगाचा वैताग येत असेल तर खुशाल बदला, त्यात हरण्यासारखं काही नाही. फक्त आत्ताच्या त्राग्यात बदलू नका, कारण दोष माध्यमाचा आहे की कागदाचा हे अजून ठरलेलं नाही.

क्लास लावायला हरकत नाही, पण आधी एक दिवस नुसतं बसून बघू द्या म्हणून विचारा. शिकवणारे कोऱ्या कागदापासून शेवटपर्यंत सगळ्यांसमोर एक चित्र करतात का ते बघा, कारण पाण्याची वेळ तशीच शिकता येते. एका वेळी दहाबाराच्या वर माणसं असतील तर तुमच्या कागदाकडे कोणी बघणार नाही. आणि शिकवणारी व्यक्ती तुमच्या हातातला ब्रश घेऊन तुमच्याच चित्रावर दुरुस्ती करत असेल तर तिथे फी भरू नका. चूक दाखवायची असेल तर वेगळ्या तुकड्यावर दाखवायची. तुमच्या कागदावर दुरुस्ती करणारा एक माणूस आधीच आहे.